शून्य टक्के माफी

टूं… टूं… टूं… कपडे धुण्याच्या यंत्राने काम झाल्याची वर्दी दिली आणि दुपारी सव्वादोनची ती दुर्मिळ शांतता मोडली. आपली उपसंपादक टेबलावरून उठून अशी धावली, की जणू यंत्रातून कपडे नाही, बॉम्बच काढायचा होता. यंत्र पाच वेळा ओरडतं आणि पाचव्याला पाच वर्षांची ठकू जागी होते, हा त्या घरातला सिद्ध झालेला नियम होता. तिने चौथ्याला बटण दाबलं. आतल्या खोलीतून सासूबाईंचं घोरणं येत होतं. ठकूचा आवाज नव्हता. आवाज नाही म्हणजे झोप, असं ती धरून चालली.

"चला, पंधरा मिनिटांत उरकते," ती लॅपटॉपला म्हणाली.

उरकायचं होतं ते असं. ती एका शोधपत्रिकेत हंगामी उपसंपादक होती, काम घरून. मागच्या अंकात गांडुळांवर एका प्राध्यापकांचा लेख आला होता, तो दुसऱ्याचा जसाच्या तसा उचललेला निघाला. इतका जसाच्या तसा, की शेवटी ‘गांडुळे मोजताना माझ्या पत्नीने दिवसरात्र साथ दिली’ असे आभारही मानलेले होते आणि प्राध्यापक अविवाहित होते. आता लेख मागे घेतल्याची सूचना चारच्या आत संकेतस्थळावर लागली नाही, तर पत्रिका मान्यताप्राप्त यादीतून बाद. पत्रिका बाद म्हणजे आपली उपसंपादकही बाद. तिला कायम करण्याचं पत्र संपादकसरांच्या खणात सहीची वाट बघत पडलं होतं. लेकीची झोप सांभाळून करता येईल अशी दुसरी नोकरी काही रस्त्यावर पडलेली नव्हती.

तिने नेहमीचा नमुना उघडला, त्यात गांडुळं भरली आणि सूचना पाठवली. कोतवालाने ती दारातच धरली.

कोतवाल म्हणजे नक्कल पकडणारा प्रोग्रॅम. पत्रिकेत छापला जाणारा प्रत्येक शब्द त्याच्या हाताखालून जायचा आणि पंधरा टक्क्यांहून जास्त साम्य निघालं की दार बंद. ‘प्रत्येक शब्द’ हे तिनेच बैठकीत आग्रहाने घालायला लावलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता कोतवाल सांगत होता: साम्य सत्त्याण्णव टक्के. हा मजकूर याआधी चारशे बारा ठिकाणी छापलेला आहे.

असणारच. जगातल्या साऱ्या माघारीच्या सूचना एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात.

मिनिटभरात तिला एक ताकीदपत्र आलं. ‘आपण सुशिक्षित आहात. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. दुसऱ्याच्या कष्टावर डल्ला मारताना आपल्याला संकोच वाटला नाही काय?’ वाचताना तिचे कान तापले. मग आठवलं, हे पत्र तिनेच लिहिलं होतं. कोतवाल ते चोरांना आपोआप पाठवायचा. ‘डल्ला’ या शब्दावर तर ती तेव्हा फार खूश होती.

तिने खुलासा लिहिला, की हे अनवधानाने घडले, हेतू स्वच्छ होता. कोतवालाने तोही तपासला. साम्य एक्क्याऐंशी टक्के. पकडल्या गेलेल्या बहुतेकांनी हाच खुलासा दिला होता.

संपादकसरांचा फोन आला. कोतवाल तासभर बंद ठेवता येणार नाही का, असं तिने विचारून पाहिलं. सर म्हणाले, त्याची किल्ली समितीकडे आहे आणि समिती सहलीला गेली आहे. "बाई, चार ओळी तर आहेत. स्वतःच्या शब्दांत लिहा की."

मग तिने शब्द बदलले. ‘मागे घेण्यात येत आहे’चं ‘माघारी ओढण्यात येत आहे’ केलं, ‘खेद’ काढून ‘विषाद’ घातला. साम्य चौसष्ट टक्के. कुठल्या तरी मासेमारीच्या पत्रिकेत आणखी कुणी अभागी जीव आधीच विषाद मानून बसला होता.

साडेतीन वाजले. ती कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. स्वतःचे शब्द. असायला हवे होते खरे, लग्नाआधी तर ढिगाने होते. सहा वर्षं ‘उपरोक्त’ आणि ‘सदरहू’ लिहूनलिहून ते कुठल्या कप्प्यात गेले, कोण जाणे.

एवढ्यात घोरणं थांबलं आणि आतून सासूबाई ओरडल्या, "माफे फात कुथे गेले?"

ती दारापर्यंत धावली. ठकू झोपलेली नव्हतीच. तिने वाटीतली आजीची कवळी काढून बाहुलीच्या तोंडात बसवली होती आणि बाहुली आता सगळ्या घराला खाऊन टाकील अशी हसत होती. आई ओरडणार, तेवढ्यात ठकू आजीसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, मी तुझे दात घेतले. ते माझे नव्हते. तू झोपली होतीस, म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आता परत देते. स्वच्छ पुसलेत. रागावायचं असेल तर रागाव, पण थोडंच."

सासूबाईंनी दात घेतले, बसवले आणि नातीला जवळ ओढलं. आपली उपसंपादक तोवर लॅपटॉपवर पोचलीही होती.

‘आम्ही हा लेख घेतला. तो आमचा नव्हता. ज्यांचा होता त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. आता परत देत आहोत. स्वच्छ पुसला आहे. रागावायचं असेल तर रागावा, पण थोडंच.’ खाली तिचं नाव, हुद्दा.

साम्य शून्य टक्के. दार उघडलं. तीन वाजून छप्पन्न मिनिटं.

सरांचा फोन लगेच आला. वीस वर्षांत असं निखळ स्वतःचं लिखाण पाहिलं नाही, म्हणाले. ‘स्वच्छ पुसला आहे’ हे तांत्रिक असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. कायम केल्याच्या पत्रावर सही झाली होती आणि यापुढची प्रत्येक सूचना याच नमुन्यावर निघणार होती.

तिने फोन ठेवला आणि सासूबाईंना बातमी दिली. सासूबाईंनी चष्मा लावला, लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि सुनेची करामत पहिल्या ओळीपासून खालच्या नावापर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवली. "बघ ठकू, तुझ्या आईने कसं छान लिहिलंय."

ठकू आजीच्या मांडीवर बसून नीट ऐकत होती. तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"आई, हे तर मी म्हटलं होतं ना? मग खाली तुझं नाव का आहे?"