कुरोइवा सेन्सेईंची मखमली चप्पल

"किती कळकट झाला होता गं तो तुमचा मखमलीचा तुकडा! गरम पाण्यात धुऊन, कडक इस्त्री करून ठेवलाय," इसोगाईबाई मोठ्या हौसेने म्हणाल्या.

नात्सुहोने तुकडा उजेडात धरून पाहिला. प्रयोगशाळेची कचेरी सांभाळणाऱ्या बाई भारी मायाळू, पण मखमलीची लव पार बसली होती, आणि सगळी मदार त्या लवेवरच! मखमलीने काच एकाच दिशेने घासायची, वर पॉलिमरचा पातळ थर देऊन तापवायचा आणि सावकाश निवू द्यायचा. मग त्याचे रेणू शहाण्यासारखे एका दिशेने निजतात आणि अतिनील दिव्याखाली त्यांचा निळा उजेडही एकाच दिशेने थरथरतो. समोर एकाच दिशेचा उजेड सोडणारी गडद काच धरून फिरवली की उजेड गुल, आणखी फिरवली की पुन्हा हजर. तिच्या गुरूंनी, कुरोइवा सेन्सेईंनी, उभी हयात त्यापायी घालवली होती. आज दुपारी त्यांचं निवृत्तीचं व्याख्यान होतं, आणि तिथे हा उजेड दाखवायचं नात्सुहोने कबूल केलं होतं. जुन्या काचा केव्हाच विझल्या होत्या.

"दुसरी मखमल मागव ना," बाई रडवेल्या झाल्या.

"परवा येईल ती!"

नात्सुहो बाहेर धावली आणि दाराशीच थबकली. जोडे काढायच्या फळीवर सेन्सेईंच्या ठेवणीतल्या चपला होत्या. आज स्वारी किमोनोत आली होती ना! चपलांचे पट्टे काळ्या मखमलीचे, कोरे करकरीत.

"अगं पोरी, गुरूच्या चपलेने काच घासणार?"

"बाई, तुम्ही फक्त दारावर लक्ष ठेवा!"

काच झकास घासली गेली, पण शेवटच्या हाताला पट्टाच उसवून हातात आला. वर थर देऊन काच भट्टीत गेली, ती निवाली आणि तेवढ्यात सेन्सेई निघाले. "माझी डावी चप्पल कुठाय?" गडबडलेल्या बाईंनी हाताला लागल्या त्या सपाता पुढे केल्या. त्या संडासातल्या होत्या.

सेन्सेई त्याच घालून व्यासपीठावर चढले. सगळं सभागृह त्यांच्या पायांकडे बघून ओठ चावत होतं. मग दिवे मालवले. निळा उजेड उमटला, गडद काच फिरताच गुल झाला, पुन्हा उमटला. कुणी हसेना.

व्याख्यानानंतर प्रयोगशाळेच्या दाराशी नात्सुहो तुटकी चप्पल पुढे धरून कमरेत वाकली. "सेन्सेई, चुकले. काच या चपलेनेच घासली."

सेन्सेई तिच्याहून खाली वाकले. "पोरी, फार उपकार झाले तुझे. डोळ्यांचं पारणं फिटलं." मग ते फळीपाशी गेले आणि उजवी चप्पल घेऊन आले.

"ही पण घे. एकदाच जमलं तर कोण मानतंय? उद्या पुन्हा करून दाखव."