सत्कारमूर्ती येसू अस्वलीण

एका जंगलात, बाळांनो, खेळाचं मैदान सोडून सगळं होतं. क्रीडा मंडळ होतं. मंडळाला अध्यक्ष होते. अध्यक्षांना बसायला ऐसपैस शिळा होती. अध्यक्ष म्हणजे आपले गवेसाहेब. ते जन्मात कधी धावले नव्हते, पण धावण्याचं महत्त्व या विषयावर सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकत.

याच जंगलात येसू नावाची अस्वलीण राहायची. अस्वलांना वाळवी आवडते हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आता झालं. वाळवी खायची तर दगड उचलावा लागतो. येसू दगड उचलायची आणि मागे भिरकावून द्यायची. एकदा तिने फेकलेला चपटा दगड थेट नदीपार गेला. जाताना रखमाजी कासवाच्या डोक्यावरून गेला. दुसरा कुणी असता तर भांडायला आला असता. रखमाजी दगडाकडे बघत राहिले. सगळं जंगल त्यांना मास्तर म्हणे. का, ते कुणालाच आठवत नव्हतं.

"पोरी, तू थाळीफेक कर," मास्तर म्हणाले.

"म्हणजे काय हो?"

"छोट्या वर्तुळात उभं राहायचं. गरागरा फिरायचं. हातातली थाळी लांब फेकायची. पाय वर्तुळाबाहेर पडला की फेक बाद."

"आणि थाळी कुठाय?"

मास्तरांनी हातपाय आत घेतले, मान आत घेतली आणि कवचातून म्हणाले, "फेक."

हसू नका. अशी सोय जगात दुसऱ्या कुठल्या खेळाडूला मिळाली नसेल. साधी थाळी पडते आणि गप्प राहते. मास्तर चालत परत येत आणि काय चुकलं ते सांगत. "मनगट सैल पडलं. मी डगमगत गेलो." किंवा, "डावा पाय उशिरा टेकलास. बघ माझं तोंड, सगळा चिखल." अडचण एवढीच, की मास्तर परत येईपर्यंत दिवस कलायचा. त्यामुळे येसू दिवसातून एकदाच फेकायची, आणि जीव ओतून फेकायची.

सरावासाठी तिने नदीकाठची जागा तुडवून तुडवून टणक केली होती. पावसात तिचा राडा होई. येसू गवेसाहेबांकडे गेली.

"साहेब, तेवढ्या वर्तुळावर फरशी घालून द्या."

"अगं येसू, आधी पदक आण. मग बघू."

उन्हाळ्यात समुद्रापलीकडे सगळ्या जंगलांची मिळून स्पर्धा भरली. आपल्या जंगलाचं पथक निघालं. पथकात गवेसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, त्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे मित्र होते. शेवटच्या क्षणी कुणाला तरी आठवलं, म्हणून येसूही होती. प्रशिक्षकाला मात्र जागा उरली नाही. येसूने मास्तरांना सामानात घातलं आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "थाळी आहे." ते काही खोटं नव्हतं.

स्पर्धेत येसू दुसरी आली. पहिली आली एक पाणघोडी. दोघींत फरक होता एका पंजाचा.

"डावा पाय," सामानातून मास्तर म्हणाले. "वर्षभर नीट सराव कर. पुढच्या उन्हाळ्यात तू तिच्या पुढे."

येसूचे गुडघे आताशा कुरकुरत होते. तिच्याकडे असे फार उन्हाळे उरले नव्हते. तिला एकदा त्या पाणघोडीच्या पुढे थाळी टाकायची होती. बाकी काही नको होतं.

पण परतली तर वेशीवर कमान! ढोलताशे! गवेसाहेब स्वतः हार घेऊन उभे.

"या, येसूताई, या! मी तर आधीपासून म्हणत होतो."

मग सत्कार सुरू झाले. वानरांनी सत्कार केला, म्हणून माकडांनी वेगळा केला. साळिंदरांनी प्रेमाने मिठी मारली. प्रत्येकाची शाल, प्रत्येकाचा नारळ. अस्वलाला शाल, बाळांनो, आणि तीही भर उन्हात! "ज्या हाताने इतिहास घडवला त्याच हाताने" असं म्हणत लोक तिच्याकडून फिती कापून घेत आणि नारळ फोडून घेत. उत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान गवेसाहेबांच्या मेहुण्यांना मिळाला. मास्तर मागच्या रांगेत होते. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

शेवटी एक दिवस येसू सगळं टाकून नदीकाठी पळाली. पाहते तर काय, तिच्या वर्तुळावर संगमरवर घातलेला! भोवती साखळी. मधोमध दगडी थाळी, थाळीला हार. शेजारी पाटी: 'येसूताईंनी येथेच सराव केला. कृपया पाय ठेवू नये.' पाटीखाली मुंगूस पहाऱ्याला.

"अरे, मीच येसू."

"असाल की, ताई. पण आत सोडायचं नाही असा हुकूम आहे. तुमच्याच मानासाठी केलंय ना सगळं!"

येसू तडक गवेसाहेबांकडे गेली. तिथे तिचाच पुढचा सत्कार मांडलेला होता.

"साहेब, राहिलेले सत्कार पुढच्या वर्षी एकदम करा. आत्ता मला माझं वर्तुळ द्या. मला जिंकायचंय."

"काय हा विनय!" गवेसाहेब गहिवरले. "अहो, आणखी किती जिंकणार आपण?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येसूला भयंकर राग आला. पण गळ्यात हार असताना रागावलेलं कुणाला खरं वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निरोपाचा सत्कार उरकून ती थेट स्पर्धेच्या वर्तुळात उभी राहिली. पहिल्या फेकीला डावा पाय बाहेर. दुसऱ्या फेकीलाही बाहेर. तिसऱ्यांदा पाय आत राहिला, पण थाळी जवळच पडली. येसू सगळ्यात शेवटची आली. पाणघोडी तिच्याजवळ येऊन बसली.

"बरं नव्हतं का गं?"

"सत्कार झाले होते," येसू म्हणाली.

पाणघोडीला काही कळेना. तिच्याकडे ती पद्धत नव्हती.

या खेपेला वेशीवर कुणीही नव्हतं. मधल्या काळात एका शेकरूने दरीवरून उडी मारली होती आणि सगळं जंगल तिकडे गेलं होतं. संगमरवर, साखळी, पाटी, मुंगूस, सगळं शेकरूच्या झाडाखाली हलवलेलं. नदीकाठी नुसतं वर्तुळ उरलं होतं. येसू त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली.

"झालं रडून?" मास्तरांनी विचारलं. "मग उभी राहा."

"वय झालं, मास्तर."

"माझंही झालंय. फेक."

ते वर्ष फार सुखाचं गेलं. कुणी बघायला आलं नाही, कुणी बोलवायला आलं नाही. उन्हाळा आला तेव्हा थाळीफेकीसाठी पथक पाठवायचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. येसू आपली आपण गेली. सोबत सामान तेवढं होतं.

आणि, बाळांनो, ती जिंकली! पाणघोडीच्या पुढे, चांगले दोन पंजे! गळ्यात सोन्याचं पदक पडलं तेव्हा तिला रडू आवरेना. आपल्या जंगलातलं कुणीतरी हे बघायला हवं होतं, असं तिला फार फार वाटलं.

पदक सामानात ठेवून ती परतली तेव्हा वेशीवर शेकरूच्या सत्काराची तयारी चालली होती. गवेसाहेबांनी मान वळवली.

"काय गं येसू, कितवी आलीस?"

येसूने तोंड उघडलं. याच वेशीवर, याच गवेसाहेबांना, एकच शब्द ऐकवायचा होता. तेवढ्यात तिची नजर मंचावर गेली. शालींच्या ढिगात शेकरू बसलं होतं. अंगाने चांगलं सुटलं होतं. भाषण चालू होतं आणि ते एकटक वरच्या फांदीकडे बघत होतं.

सामानात मास्तरांनी पदक कवचाखाली ओढून घेतलं.

"शेवटून दुसरी," येसू म्हणाली.

"चालायचंच," गवेसाहेब म्हणाले आणि हार घेऊन पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू सरावाला उभी राहिली. तिला कुणीही अडवलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, खूप मेहनत करा आणि जग जिंका. घरी कुणी विचारलंच, तर हरलो म्हणून सांगा, म्हणजे पुढच्या वर्षीही जिंकता येईल.