इस्माईलभाईंचा कान

आमचा मुलगा रडायला लागला की तो का रडतोय हे आम्हाला शेजारून कळायचं. त्याची आई आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेलो असायचो, आणि बाल्कनीच्या पलीकडून एकच शब्द यायचा. "भूक!" किंवा "झोप!" किंवा, सगळ्यात जास्त वेळा, "राग!" हा शेवटचा शब्द आला की त्याच्यामागून आणखी दोन शब्द यायचे. "बापावर गेलाय."

हे आमचे शेजारी इस्माईलभाई. पनवेलच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार शेजारीशेजारी. भिंत एक, बाल्कन्या दोन, मध्ये लोखंडी जाळी. ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. मस्कतमध्ये चोवीस वर्षं जनरेटर चालवून ते कायमचे परत आले होते. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा दोह्याला. घरात ते आणि रुकय्याभाभी. कमरेला चौकड्याची लुंगी, दाढी पांढरी, आणि मान कायम जराशी डावीकडे कललेली, कारण उजवा कान जगाकडे लावलेला.

त्या कानाला काय ऐकू यायचं नाही! एकदा आम्ही चारचौघं खाली बोलत उभे होतो, तर हे चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवून धावत सुटले. "पंप मरतोय, पंप मरतोय!" आम्हाला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. त्यांनी जाऊन बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पंप उघडला, तर बेअरिंगचा भुगा झालेला. स्टेशनवरून घरी येताना ते अर्ध्या वाटेत रिक्षातून उतरले होते, हातात मटणाची पिशवी घेऊन. का, तर "पुढचं चाक रडतंय." रिक्षावाल्याने त्यांना शिव्या घातल्या आणि त्याच संध्याकाळी चाक बदललं, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. पण "माझा कान सांगतो" असं म्हणून ते बोलायला लागले की लोक हातातलं काम थांबवायचे, हे पाहिलंय.

माझं आणि त्यांचं बिनसलं तेही ह्या कानावरूनच.

मी डोक्यावर प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन गल्लोगल्ली फिरलेला माणूस. तिथून पळस्प्याच्या रस्त्याला फरश्यांचं दुकान काढलं, स्वतःच्या हिमतीवर. माझ्या दुकानात पहिला भाव हा फक्त बोलणं सुरू करण्यासाठी असतो. मी चढवून सांगायचं, गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करायचं, मी चिडायचं, त्याने पायरी उतरायची, मी परत बोलवायचं. मग दोघांनाही जिंकल्यासारखं वाटतं. धंदा असा होतो.

इस्माईलभाई बाथरूमसाठी फरशी घ्यायला आले. त्या वेळी उलव्याचा एक कंत्राटदार समोर बसला होता, अख्ख्या इमारतीचं काम घेऊन. इस्माईलभाईंनी खोका उघडायला लावला, एकेक फरशी कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने ठोकली. "ही बोलते. ही बोलते. ही नाही बोलत." अशा अकरा फरश्या बाजूला काढल्या. "भाऊ, ह्यांना आतून तडा आहे." कंत्राटदाराने हे पाहिलं, उठला, आणि तोही ठोकायला लागला. त्याला काय कळत होतं, कपाळ! पण ठोकून ठोकून "उद्या येतो" म्हणाला आणि तो उद्या अजून यायचाय.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. मी रागाने तोंडाला येईल तो भाव सांगितला, आणि ह्या गृहस्थांनी खिशातून तेवढे काढून दिले! घासाघीस नाही, एक शब्द नाही. "तुम्ही सांगितलंत ना भाऊ, मग झालं." असं कोणी केलं की मला स्वतःच्याच दुकानात चोर म्हणून पकडल्यासारखं होतं. हा अपमान मी विसरलेलो नाही. आजही नाही.

लग्नानंतर नऊ वर्षांनी आम्हाला मुलगा झाला, आणि हा कान आमच्या भिंतीला येऊन चिकटला.

सगळ्यात चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबर निघायचं. एका दुपारी पलीकडून आवाज आला, "कान! उजवा की डावा ते सांगता येणार नाही." डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, तर कानच. तेव्हापासून सुनंदा, म्हणजे माझी बायको, पोर किरकिर करायला लागलं की त्याला उचलून जाळीजवळ न्यायची. "चाचांना ऐकवून आणते."

"अगं, तो रेडिओ आहे का?"

"तुम्हाला कळतंय का काय होतंय ते? मग गप्प बसा."

एवढं असून ह्या माणसाने आमच्या मुलाला कधी हात लावला नाही. बारशाला बायकांनी बाळ पुढे केलं, "चाचा, घ्या ना." ह्यांनी दोन्ही हात मागे बांधले. "हात धुतलेले नाहीत." दुसऱ्या वेळी पाठ दुखत होती. तिसऱ्या वेळी कोणाला तरी भेटायला जायचं होतं. मी मनात म्हटलं, निदान करायला आमचं पोर चालतं, घ्यायला नाही चालत. हाही राग मी जपून ठेवला.

मग तो डिसेंबरमधला रविवार आला. मुलगा साडेपाच महिन्यांचा. त्या वर्षी थंडी बरी पडली होती. सकाळी आंघोळीनंतर मीच त्याच्या पायात लोकरीचे मोजे घातले होते. अकराच्या सुमाराला तो रडायला लागला. दूध दिलं, घेईना. हिंग उगाळून बेंबीभोवती लावला, घुटी पाजली, खांद्यावर घेऊन जिन्यातून वरखाली केलं. सुनंदाने मीठमोहरी उतरवून टाकली. एक वाजला तरी तो रडतच होता. चेहरा लालबुंद, ओठ थरथरतायत, आणि आमचे नेहमीचे डॉक्टर रविवारचे बंद.

पलीकडून एक शब्द नाही. भूक नाही, झोप नाही, राग नाही. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा तो कान गप्प होता, आणि खरं सांगतो, मला त्याची जास्त भीती वाटली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इस्माईलभाई, पायात चप्पल नाही.

"भाऊ, हे पोटाचं नाही."

"हो का? बरं."

"बिलकुल नाही. त्याला काहीतरी करकचतंय. रडता रडता मध्ये श्वास तुटतो, ऐका. कपडे काढा त्याचे. सगळे काढा."

माझं डोकं आधीच फिरलेलं. "इस्माईलभाई, ही फरशी नाही ठोकून बघायला! माझं पोर आहे. तुम्ही तुमच्या घरी जा."

"जातो. आधी कपडे काढा."

"जा म्हणतो ना!"

"शिव्या द्या भाऊ, पण कपडे काढा." माणूस उंबऱ्यातून हलेना. आवाज एवढासा, आणि कपाळावर डिसेंबरच्या थंडीत घाम.

आमचं हे चाललेलं असताना सुनंदाने पोराला पलंगावर ठेवून कपडे काढायलाही घेतले होते. झबलं काढलं, लंगोट सोडला, काही नाही. मग मोजे. डावा मोजा ओढला आणि ती किंचाळली.

करंगळीशेजारचं बोट जांभळं पडलं होतं, टपोऱ्या जांभळासारखं. मुळाशी एक बारीक रेघ, त्यात काहीतरी रुतलेलं. केस होता. सुनंदाचा लांब केस. बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गळत होते, घरात सगळीकडे सापडायचे, ताटातसुद्धा. एक मोज्यात राहिला होता आणि पाय हलवून हलवून बोटाभोवती आवळत गेला होता.

सकाळी मोजे मी घातले होते. उलटे करून झटकले नव्हते.

मी नखाने केस धरायला गेलो. माझे हात फरश्यांचे, सुटत कसला! सुनंदाला तर डोळ्यांतल्या पाण्याने दिसत नव्हतं. एवढ्यात नवऱ्याचं उंबऱ्यातलं बोलणं ऐकून रुकय्याभाभी आत आल्या, हातात भरतकामाची टोकदार कात्री आणि सुई. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं.

"सुनंदा, पाय घट्ट धर. भाऊ, बॅटरी धरा. आणि तुम्ही," त्या नवऱ्याकडे वळल्या, "पोराला मांडीवर घ्या. हलू द्यायचं नाही."

"मी?" इस्माईलभाई एक पाऊल मागे सरले. "मला नाही येत."

"काय नाही येत?"

"घ्यायला. एवढा लहान."

"अहो, चोवीस वर्षं मशीन उचललंत ना? बसा खाली!"

ते खाली बसले. भाभींनी पोराला त्यांच्या मांडीत ठेवलं, त्यांचा एक हात धरून मानेखाली सरकवला, दुसरा छातीवर ठेवला. शिकवावं लागलं, प्रत्येक बोट कुठे ठेवायचं ते. मी बॅटरी धरून उभा होतो म्हणून मला ते हात दिसले. मोठी काचेची तावदानं उतरवताना नवीन हमालाचे हात जसे होतात, तसे झाले होते.

भाभींनी सुईचं टोक रेघेत घातलं, केस जरासा उचलला, आणि कात्री लावली. एकदा सुटला नाही. दुसऱ्यांदा पोर असं ओरडलं की मी डोळे मिटले. मग भाभींचा आवाज आला, "निघाला."

बोटाचा रंग परत यायला बराच वेळ लागला. संध्याकाळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी भिंगाने तपासलं आणि म्हणाले, रात्रीपर्यंत तसंच राहिलं असतं तर बोट वाचलं असतं असं मी सांगू शकत नाही. पण ते संध्याकाळी. त्या वेळी आम्ही चौघं नुसते त्या बोटाकडे बघत होतो. जांभळ्याचं लाल झालं, लालाचं गुलाबी. पोराचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही लांब लांब पडायला लागले.

"तुम्हाला कसं कळलं?" सुनंदाने विचारलं.

उत्तर भाभींनी दिलं. सुई पदराला टोचत, जशी भाजीची गोष्ट सांगावी तसं.

"आमची शमीम झाली तेव्हा हे मस्कतला. तेव्हा फोन कुठे होता? कॅसेट भरून पाठवायचो, कोणी जाणारं असलं की त्याच्याबरोबर. ह्यांचं पत्र यायचं, तू बोलू नको, पोरीला रडव, ते भर. ह्यांना म्हणे पोरीला ऐकायचंय. ती रडत नसली की मी चिमटा काढायची, खुदा माफ करो." त्या हसल्या. "एकदा ती थांबेचना. मी म्हटलं, बरं झालं, आज ह्यांना पोटभर मिळेल. अख्खी बाजू भरली. मग बघितलं, तर झबल्याचा दोरा बोटाला गुंडाळलेला. काढला, विसरून गेले. कॅसेट तिकडे पोचली महिन्याने. आणि ह्यांची तार आली. पोरीचे कपडे काढून बघ. पोरगी अंगणात कोंबड्यांमागे सरपटतेय आणि मी हातात तार घेऊन उभी!"

"महिनाभराने," मी म्हटलं.

"सव्वा महिना. ह्यांना काय माहीत, मी दोरा काढला की नाही? माझं उत्तर पोचेपर्यंत ती कॅसेट घासून घासून ऐकली. अजून आहे घरात. आता काही ऐकू येत नाही तिच्यात, नुसती खरखर. सुट्टीवर यायचे दोन दोन वर्षांनी, तोवर पोरं चालायला लागलेली. ह्यांना बघून माझ्या मागे लपायची. मांडीवर घ्यायचं वय ह्यांच्या हाताला लागलंच नाही."

त्या चहा टाकायला आमच्याच स्वयंपाकघरात गेल्या. सुनंदा त्यांच्यामागे गेली.

मी आणि इस्माईलभाई उरलो. मुलगा झोपला होता. तोंड जरासं उघडं, एक मूठ त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर. ते जसे बसवले होते तसेच बसले होते, पाठ अवघडून, खांदे कानापर्यंत चढलेले.

"भाऊ," ते अगदी हळू म्हणाले.

"काय?"

"हा थांबला."

"हो."

"आता काय करतात?"

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे, थांबल्यावर." त्यांनी पोरावरची नजर काढली नाही. "मला इथपर्यंतच माहीत आहे. पोर गप्प झालं की शमीमची आई टेप बंद करायची. पुढचं कधी ऐकलं नाही."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"काही करायचं नाही," मी म्हटलं. "बसून राहायचं."

"किती वेळ?"

"तो उठेपर्यंत."

"बरं," ते म्हणाले, आणि हळूहळू, आधी खांदे, मग मान, मग पाठ, असे भिंतीला टेकले.

खाली रस्त्यावर न्हावा शेव्याकडे जाणारा कुठला तरी ट्रेलर हॉर्न देत होता. मी उठलो आणि आवाज न करता बाल्कनीचं दार लावून घेतलं.