रेंज नसलेली खोली

"आज बाई सही केल्याशिवाय जात नाहीत, बघच तू!" रेंजभाऊंनी सकाळी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

वायरलेस चिप बनवणारी ही छोटीशी कंपनी नवरा-बायकोची. चिप बायको बनवायची. बोलण्याचं खातं रेंजभाऊंकडे. कुलपं बनवणाऱ्या मालकीणबाईंशी भागीदारी जमली नाही, तर कंपनीतल्या सगळ्यांना घरी बसवावं लागणार होतं.

"अहो, पण त्यांचं कुलूप आपण नीट तपासलंय कुठे?"

"भागीदारावर संशय घ्यायचा नसतो!"

आणि भाऊंनी ते कुलूप, पोटात आपली चिप घातलेलं, आतून-बाहेरून फक्त स्वतःच्याच फोननं उघडणारं, थेट चाचणीच्या खोलीला बसवलं! ही खोली चारी बाजूंनी पत्र्यानं मढवलेली. चिप तपासताना बाहेरचा सिग्नल आत येऊ नये म्हणून.

बाई आल्या. भाऊंनी त्यांना कौतुकानं आत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"बघा, आहे फोनला रेंज?"

"अजिबात नाही! कमाल आहे!"

"आता आपल्या दोघांची कमाल बघा!" भाऊंनी फोन कुलपासमोर धरला. लाल दिवा लागला. दार ढिम्म.

"आमचं कुलूप उघडण्याआधी आमच्या ऑफिसला विचारतं," बाई अभिमानानं म्हणाल्या. "इंटरनेटवरून."

भाऊंनी रेंज नसलेल्या आपल्या फोनकडे बघितलं.

"हे आधी सांगायचं ना!"

"अशा डब्यात कुलूप लावणार हे तुम्ही सांगितलंत?"

भांडण छान रंगलं, मग दोघंही दमली. जाड पत्र्यातून आवाजही बाहेर जात नव्हता, त्यामुळे बाहेर सगळं निवांत होतं. साहेबांचा फोन लागत नाही, म्हणजे पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले असणार! आत बाई भिंतीला टेकल्या आणि थोड्या वेळानं चक्क घोरायला लागल्या. भाऊ मनातल्या मनात कामगारांपुढचं निरोपाचं भाषण जुळवत बसले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी बाईंचा ड्रायव्हर चौकशीला आला, तेव्हा बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं ड्रिल आणून कुलूप फोडलं.

बाई डोळे चोळत उठल्या. "काय झोप लागली हो! ना फोन, ना मेल! कित्येक वर्षांत अशी टेकले नव्हते. आणा ते कागद! माझ्या प्रत्येक ऑफिसात मला अशी एकेक खोली हवी."

भाऊंच्या जिवात जीव आला. "आणि दाराला आपलं चिपवालं कुलूप!"

"छे हो! साधी कडी लावा. आतून!"