रोह्याच्या मॅचचा सराव

आमचे शेजारी सुभेदार तात्या एसटीच्या थांब्यावर कधीच उभे राहत नाहीत. आम्ही जोहे गावची सगळी मंडळी थांब्यावर खोळंबलेली, आणि तात्या एकटेच बरेच पुढे, छत्री टेकून. पेणची बस येते, आम्हाला ओलांडते आणि बरोब्बर तात्यांपाशी थांबते. चढता चढता ते वळून म्हणणारच, "थाळी आहे तिथं मारू नये. जाणार आहे तिथं मारावी."

थाळी म्हणजे मातीची, बशीएवढी. ती यंत्रातून हवेत सुटते आणि नेमबाजाने बंदुकीने फोडायची. तात्या लष्कराच्या संघातून हेच करत. त्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ. "आधी जिवंत कबुतरं उडवायचे. मग काचेचे गोळे आले, मग थाळ्या. महायुद्धात विमानं पाडायला निघालेली पोरं ह्याच थाळ्यांवर शिकली, समजलीस?" माझ्या साखरपुड्यात त्यांनी हे भटजींना ऐकवलं. मुहूर्त टळला, पण कबुतरं काही संपली नव्हती.

त्यांच्या बायको यमुनाकाकी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी काकींच्याच हातची. "मी जन्मभर माती सजवली, ह्यांनी फोडली," असं सांगून खुदखुदत. दिवाळीनंतर त्यांना झटका आला आणि नेमका उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. काकींनी साफ झिडकारला. "हात वर, हात खाली. मी काय बालवाडीत हाय?" दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आखणीचा हंगाम जवळ येत होता आणि त्या घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

मग एके दिवशी तात्यांनी जाहीर केलं, रोह्याला माजी सैनिकांची मॅच आहे, सराव पाहिजे, थाळ्या फेकायला माणूस पाहिजे. झालं. रोज सकाळी अंगणात तात्या छत्री खांद्याला लावून "पुल!" असा हुकूम सोडत. म्हणजे थाळी सोड. काकी कुरकुरत, तात्यांच्या हुकमाप्रमाणे उजव्याच हाताने, शाडूची थाळी फेकत. ती त्यांच्याच पायाशी पडे. तरी तात्या "ठो! फुटली," म्हणून मोकळे.

"डोंबल फुटली," म्हणत काकी दुसरी उचलत.

मी नोकरीला रोह्याला जाते. तिथे असली कुठलीच मॅच नाही. तात्यांना गाठून विचारलं, तर इकडेतिकडे बघत म्हणाले, "गप बस. तिला कळलं तर उद्यापासून फेकायची नाय. हात आज कुठं आहे ते बघू नये. आखणीला कुठं असेल ते बघावं."

परवा काकींच्या हातून थाळी अशी सुटली की थेट अंगणापलीकडे पेंढ्यावर जाऊन पडली. तात्या छत्री उचलायचंच विसरले. नुसते बघत राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

"काय सुभेदार, नेम चुकला ना?" काकी म्हणाल्या.

"चुकला बाई," म्हणत तात्या नाक पुसत थाळी आणायला पळाले.

काकींनी मला जवळ ओढलं, त्याच उजव्या हाताने. "रोह्याला मॅचबिच काय नाय, पयल्या दिवसापासून ठाव हाय मला. पन त्यांना बोलू नको गो. रिटायर झाल्यापासनं सकाळी एवढ्या हुरुपानं उठलेलं बघितलं नव्हतं मी त्यांना."

तिकडून तात्या ओरडले, "पुल!" काकींनी पदर खोचला आणि थाळी उचलली.