काचेवरची मींड

"वाद्याची पारख मला शिकवता? एकदा तार छेडू द्या, लाकूड कोणत्या झाडाचं तेही सांगेन!"

सतारमास्तर असे गर्जले तेव्हा समोर सतार नव्हती. झाड तर नव्हतेच नव्हते. होता सुनेचा टॅब्लेट.

गेली सत्तावीस वर्षे नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमातील अखेरचे नृत्य मास्तरांच्या सतारीवर होत आले होते. यंदा बोटांच्या सांध्यांनी असहकार पुकारला. नृत्यवर्गाच्या बाईंनी मृदू स्वरात, परंतु निःसंदिग्धपणे कळवले, "मास्तर, आज पाचच्या आत चार मिनिटांचं वादन पाठवा. नाहीतर मी तयार संगीत लावते. मुली खोळंबल्यात हो!"

तयार संगीत! हे दोन शब्द मास्तरांना काढ्याहून कडू लागले. अठ्ठाविसावे वर्ष डोळ्यांदेखत हातचे निघाले होते.

तोडगा सुनेने काढला. खऱ्या वाद्यांचा एकेक स्वर मुद्रित करून ज्यांत साठवला आहे, अशी चार ॲपे तिने उतरवून दिली. "बाबा, काचेवर बोट टेकवलं की स्वर वाजतो. आवडेल ते ॲप निवडा आणि हे लाल बटण दाबून रेकॉर्ड करा," एवढे सांगून ती कामावर गेली.

मास्तरांनी शिरस्त्याप्रमाणे हात धुतले, आसन मांडले, टॅब्लेटला वंदन केले. उजव्या तर्जनीत तारेची नखी चढवली. नंतर डाव्या हाताची बोटे तेलाच्या वाटीत बुडवली. तारेवर बोट सुळकन सरकावे म्हणून सतारिये तेल लावतातच.

"अहो, काच आहे ती!" मास्तरांच्या पत्नी, ज्यांना सारे वहिनी म्हणत, दारातूनच किंचाळल्या.

"अगं, तेलावाचून मींड कशी यायची? एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट ओघळत गेलं पाहिजे!"

"बोट ओघळेल, पण सून आल्यावर मी काय सांगू? आणि ती नखी काढा आधी, ओरखडे पडताहेत!"

नखी निघाली. तेल राहिले.

पहिल्या ॲपमधील षड्ज बादलीत पळी पडावी तसा वाजला. बाद! दुसऱ्यात एक स्वर वीस वेळा छेडला, वीसही वेळा तो तसाच, तंतोतंत वाजला. "हा स्वर नव्हे, घोकून आलेला परीक्षार्थी आहे!" बाद! तिसऱ्यात सतार, सरोद, रबाब आणि दूरदेशींची, नावेही उच्चारता न येणारी डझनभर तंतुवाद्ये होती. मात्र सगळ्यांना एकदमच पडसे झाल्यासारखे वाटत होते. दुपारचा चहा समोर निवून गेला. मास्तरांची मान आखडली, पाठ धरली, डोळ्यांना पाणी सुटले.

चौथ्या ॲपचा पहिला स्वर निघाला आणि ते पाणी निराळ्या कारणाने वाहू लागले. "सापडली!"

परंतु तेलाने घात केला! मास्तरांनी षड्जावरून पंचमाकडे बोट ओघळवले, ते थेट हवामानावर जाऊन थडकले. "उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील," टॅब्लेट म्हणाला. दुसऱ्या मींडेने गणकयंत्र उघडले. तिसरीने सुनेच्या आत्तेबहिणीला फोन लागला.

"कोण? काका? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे गं बाई, मींड घेत होतो."

"काय घेत होतात? डॉक्टरांना विचारलंत का?"

घड्याळात पावणेपाच झाले. मास्तरांनी थकून लाल बटण दाबले. बोटे ऐकेनात, म्हणून त्यांना वाट दाखवायला तोंडाने खणखणीत बोल म्हणू लागले, "दा दिर दिर, दा रा!" बोल एकीकडे, सतार भलतीकडे! अखेरचा तुकडा रीतीप्रमाणे तीनदा म्हणून, सम गाठून ते थांबले. पुन्हा वाजवण्याचे त्राण नव्हते. जे झाले ते पाठवले आणि आसनावरच आडवे झाले.

अर्ध्या तासात बाईंचा फोन आला.

"मास्तर, राग मानू नका. सतार मी काढून टाकली."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "समजलो. तयार संगीत लावा."

"छे हो! ॲपने सतार आणि तुमचा आवाज वेगवेगळे पाठवलेत. तुमच्या बोलांवर मुली काय नाचताहेत म्हणून सांगू! आणि शेवट तर कळस! तुमचा तुकडा तिसऱ्यांदा संपतो आणि बरोब्बर समेवर मागून वहिनी म्हणतात, 'पुरे आता!' सगळ्या मुली जागच्या जागी धप्पकन बसतात. तो शेवट मी ठेवतेय. फक्त आवाज जरा लांबून आलाय. वहिनींना उद्या तालमीला घेऊन येता का?"

वहिनींनी असे काही म्हटले होते, हे मास्तरांच्या कानी गेलेच नव्हते. त्यांनी फोनवर हात धरून अत्यंत क्षीण स्वरात निरोप सांगितला.

वहिनी काच पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला कसली तालीम? चाळीस वर्षं रोज तेच म्हणतेय! कुणीतरी ऐकलं म्हणायचं एकदाचं."