‘न’ वॉरंटीत बसत नाही

दिनांक २९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नागपूरजवळ बेसा येथील आमच्या लेआउटमधल्या प्लॉट क्रमांक सतरावर ‘न’ हे अक्षर निवर्तलं. ते मुकुंदरावांच्या लॅपटॉपवर राहत होतं. आदल्या दिवसापर्यंत त्याची प्रकृती ठणठणीत होती. बाकीची अक्षरं सुखरूप होती आणि आहेत.

दुसऱ्या कुणाचा ‘न’ गेला असता तर मी हे सांगत बसलो नसतो. पण मुकुंदराव म्हणजे चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नन्नाचा पाढा म्हणून कार्यालय अधीक्षक पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. ‘नियमात बसत नाही’, ‘तशी तरतूद नाही’, ‘अर्ज विहित नमुन्यात नाही’ या तीन वाक्यांवर त्यांनी घर बांधलं, मुलाला शिकवलं. निरोप समारंभात साहेबांनी सांगितलं होतं, की मुकुंदरावांच्या टेबलावरून एकही चुकीची फाईल पुढे गेली नाही. बरोबर फाईलही गेली नव्हती, पण समारंभात असं कोण बोलतं? निवृत्तीनंतर आम्ही त्यांना रहिवासी समितीचं सचिव केलं. नाही म्हणायला एक पक्का माणूस लेआउटला हवाच असतो.

लॅपटॉप त्यांनी आदल्या वर्षी एक मार्चला घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची. म्हणजे नेमका शेवटचा दिवस हाती आहे या आनंदात ते भर उन्हात स्कूटरवरून रामदासपेठेतल्या सर्व्हिस सेंटरला पोचले. मी मागे बसलो होतो, साक्षीदार म्हणून. काउंटरवर चारुलता नावाची मुलगी होती. तिने बिल पाहिलं, लॅपटॉप पाहिला आणि शांतपणे सांगितलं, की वॉरंटी काल संपली.

“एक मार्चले घेतला. वर्ष आज पुरं होते,” मुकुंदराव म्हणाले.

“वॉरंटी तीनशे पासष्ट दिवसांची असते, सर. यंदाचं वर्ष तीनशे सहासष्टचं आहे.”

“मंग आजचा दिवस कोणाचा?”

चारुलताने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. “आजच्या दिवसाची तरतूद नाही, सर.”

मुकुंदरावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. रागाने नव्हे. इतकं निर्दोष वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. पुढे चारुलताने समजावलं, की एकटं बटण बदलत नाही, सगळा कीबोर्ड बदलावा लागतो. कीबोर्ड एकटा येत नाही, तो वरच्या सगळ्या भागासकट येतो. आणि तो भाग कंपनीने बनवणं बंद केलं आहे, कारण मॉडेल जुनं झालं. कधी झालं? तर काल. मात्र ‘विशेष बाब’ म्हणून ऑनलाइन तक्रार करता येईल. अट एवढीच, की तक्रार त्याच लॅपटॉपवरून टाइप केलेली हवी, म्हणजे बिघाड खरा आहे हे कंपनीला कळतं.

मुकुंदरावांनी घरी येऊन तक्रार टाइप केली, ‘लॅपटॉप नीट चालत नाही.’ पडद्यावर उमटलं, ‘लॅपटॉप ीट चालत ाही.’ आता त्या लॅपटॉपला एक खोड होती. अर्धवट शब्द दिसला, की तो स्वतःच्या अकलेने पुरा करायचा. त्याने ‘ीट’चं ‘नीट’ केलं आणि ‘ाही’चं ‘आहे’ केलं. ‘लॅपटॉप नीट चालत आहे’ ही तक्रार कंपनीला पोचली. दहा मिनिटांत उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. मुकुंदरावांनी चिडून दुसरी केली, ‘समाधान झाले नाही.’ ती गेली ‘समाधान झाले आहे’ अशी. म्हणजे बघा, ‘समाधान’ लिहायला लागणारा ‘न’ त्या यंत्राकडे होता. ‘नाही’ लिहायला लागणारा तेवढा नव्हता. कंपनीचा माल असाच असतो.

मग कंपनीचा फोन आला. इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. आमच्या नागपुरात ‘हाव’ म्हणजे दर वेळी होकार असतो असं समजू नका. समोरचा बोलत असला, की आम्ही दर चार शब्दांना ‘हाव’ म्हणतो. त्याचा अर्थ ऐकून राहिलो, बोला पुढं. फोनवरची बाई मुंबईकडची असावी. आपला लॅपटॉप चालतोय ना, तिने विचारलं. मुकुंदराव खाकरून म्हणाले, “हाव, म्हणजे...” आपलं समाधान झालंय ना? “हाव, पण ऐकून घ्या...” तक्रार बंद करू ना? “हाव, थांबा, मी सांगून राहिलो...” बाईंनी मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला. मुकुंदरावांच्या नावापुढे पाच तारे लागले. कंपनीच्या दप्तरी विदर्भात इतका समाधानी ग्राहक दुसरा नाही.

त्यांचा मुलगा केयूर हैदराबादला कॉम्प्युटरमध्येच आहे. त्याने फोनवर उपाय सांगितला: कुठूनतरी एक ‘न’ उचलायचा आणि लागेल तिथे चिकटवायचा. नवा लॅपटॉप पाठवतो असं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. मोबाईलवर लिहा, असं मी सुचवलं, तर मोबाईलवर सरकारी पत्र लिहिणं म्हणजे पायजम्यावर कचेरीत जाणं, असं मला ऐकवण्यात आलं. तेव्हा मुकुंदराव उसन्या ‘न’वर दिवस काढू लागले. एक ‘न’ चिकटवायला तीनदा बोटं नाचवावी लागत, म्हणून ते ‘न’ काटकसरीने वापरत. ‘विनंती’च्या जागी ‘अर्ज’ आला, ‘पाणी येत नाही’च्या जागी ‘टाकी कोरडी आहे’ आलं. एकदा चिकटवायचा राहिला आणि यंत्राने नागपूरचं ‘आगपूर’ केलं, ते एप्रिल महिना पाहता आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

आणि त्याच एप्रिलात नोटीस आली.

आमच्या लेआउटमध्ये बगीच्यासाठी राखलेली एक मोकळी जागा आहे. बगीचा अर्थातच झाला नाही. पण मुकुंदरावांच्या पत्नी यमुताई यांनी तिथे सात झाडं लावली होती. तीन कडुनिंब, दोन करंज, एक जांभूळ, एक बकुळ. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली ही बाई दोन उन्हाळे घरातलं भाज्या धुतलेलं पाणी बादलीने वाहून त्यांना घालत होती. बेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात झाड जगवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्या सात झाडांवर त्यांचा जीव होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तर त्या सकाळी त्या सात झाडांनाच फेऱ्या घालत.

नोटिशीत म्हटलं होतं, की सदर जागेवर ई-कचरा संकलन केंद्र प्रस्तावित आहे. बंद पडलेले टीव्ही, फ्रिज आणि लॅपटॉप तिथे जमा होतील. रहिवाशांची संमती आहे किंवा कसे, ते तीस एप्रिलपर्यंत ऑनलाइन कळवावं. नोटीस काढणारं कार्यालय मुकुंदराव जिथून निवृत्त झाले तेच होतं, म्हणून तर आम्ही सगळे निश्चिंत होतो. उभा जन्म ज्याने लोकांना नाही म्हटलं, त्याला आपल्याच कचेरीला एकदा नाही म्हणणं काय अवघड?

मुकुंदरावांनी तीन दिवस खपून पत्र तयार केलं. झकास पत्र होतं. पर्यावरण होतं, ज्येष्ठ नागरिक होते, ‘उपरोक्त’ चार वेळा होतं. एकूण चोवीस ‘न’ लागले. तेवीस त्यांनी एकेक करून चिकटवले. चोविसावा शेवटच्या ओळीत होता, ‘तरी या प्रस्तावास आम्हा रहिवाशांची संमती नाही.’ तेवढ्यात यमुताईंनी चहाला हाक मारली. मुकुंदराव म्हणाले, “हाव,” आणि उठले. परत येईपर्यंत यंत्राने ती ओळ आपल्या परीने पुरी करून ठेवली होती. ओळ पुरी दिसली, तेव्हा चोविसावाही चिकटवला असंच त्यांनी धरलं.

चौकातल्या दुकानातून पत्राची प्रत काढली आणि संध्याकाळी आम्ही त्रेचाळीस घरांनी सह्या केल्या; रात्री तो सह्यांचा कागद ऑनलाइन गेला. एकानेही वाचलं नाही. मुकुंदरावांनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय? नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पंधरा मे रोजी कार्यालयाचं अभिनंदनपत्र आलं. कचऱ्याच्या केंद्राला पर्यावरण व ज्येष्ठ नागरिक यांचा साकल्याने विचार करून एकमताने संमती देणारा आपला लेआउट शहरात पहिला असून, त्याचा आदर्श इतरांनी घ्यावा, असं त्यात होतं. पत्रापाठोपाठ जेसीबी आला.

मुकुंदराव धावत कार्यालयात गेले. त्यांच्या जुन्या खुर्चीत आता गौरांग नावाचा तरुण अधिकारी बसतो. त्याने नम्रपणे उठून त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एक छापील पत्र पुढे केलं. ‘मुदतीनंतर प्राप्त झालेली हरकत विचारात घेण्याची तरतूद नाही. तसेच एकदा दिलेली संमती मागे घेणे नियमात बसत नाही.’ मुकुंदरावांनी ते दोनदा वाचलं. मसुदा ओळखीचा वाटला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांचीच आद्याक्षरं होती.

“सर, तुमचाच नमुना आहे,” गौरांग म्हणाला. “आजपर्यंत यातून कुणी सुटलं नाही.”

दुपारी तीनला बकुळ गेली, ती शेवटची. यमुताई फाटकापाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. रडल्या नाहीत. मुकुंदराव स्कूटर लावून आले, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “चौतीस वर्षं लोकायले नाही म्हणत आले तुमी. ज्यायचं काम नियमात होतं, त्यायलेबी नाहीच म्हटलं. अन् माह्या झाडायच्या टायमाले तेवढं हो निघालं तुमच्या हातून.”

केंद्राचं उद्घाटन जूनमध्ये झालं. पहिली वस्तू म्हणून मुकुंदरावांनी आपला लॅपटॉप नेऊन दिला; निदान ती पीडा तरी घरातून जावी. तिथल्या माणसाने नंबर टाकून पाहिला आणि लॅपटॉप परत केला. कंपनीच्या नोंदीप्रमाणे तो नीट चालत होता आणि ग्राहक पूर्ण समाधानी होता. चालू वस्तू कचऱ्यात घेण्याची तरतूद नव्हती. तो आता पुन्हा प्लॉट क्रमांक सतरावर आहे.

तुम्ही हसत असाल तर हसा. पण मघाशी मी खोटं बोललो. एकानेही वाचलं नाही म्हणालो, ते खरं नाही. शेवटची ओळ मी वाचली होती. ‘संमती आहे.’ क्षणभर खटकलं. मग वाटलं, सरकारी भाषा आहे, मुकुंदरावांना कळत असेल, आणि मागे रांग होती. मला नावं ठेवण्याआधी, मोबाईलवर ‘मला हे सर्व मान्य आहे’ यावर तुम्ही शेवटच्या वेळी बोट ठेवलंत, तेव्हा त्याच्या वर काय लिहिलं होतं, तेवढं आठवून सांगा. मी थांबतो.

परवा सकाळी यमुताई दिसल्या. आता त्या रस्त्यावरच चालतात, कडेकडेने, गाड्या चुकवत. मी मान खाली घालून निघत होतो, तर त्यांनी थांबवलं.

“त्या कागदावर तुमचीबी सही हाय नं, भाऊ?”

“हाव,” मी म्हणालो.